माहेरची चिमूट

गेल्या महिन्यात शाळेच्या सभागृहात साडेतीनशे लोकांसमोर मी सात मिनिटं बोलले आणि एकदाही अडखळले नाही. तेव्हापासून मी कुणाला काही विचारायचं बंद केलं. त्याआधीची मी म्हणजे पाणी पिऊ का, खिडकी उघडू का, इथे बसू का, असली. आई म्हणायची, हिला श्वास घ्यायलाही कुणाची तरी सही लागते. मग ते भाषण झालं, पहिल्या बक्षिसाची ढाल मिळाली, आणि आत्याने माझं नाव भोंगा ठेवलं. मला ते भयंकर आवडलं. बाबा चिडवायला म्हणाले, "भोंग्याला बटण कुठे असतं गं?" मी म्हटलं, "नसतं!" आणि सगळे हसले.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते आणि दिवसभर संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, नऊ नंबरच्या खोलीत असते. अकरा वर्षं ती एकच गोष्ट बनवतेय. स्वतःचा ओरखडा स्वतः भरून काढणारा पापुद्रा. काचेवर चढवायचा, पारदर्शक, नखाएवढ्या जाडीचा. ब्लेडने त्यावर रेघ मारा, यूव्ही दिव्याखाली दहा मिनिटं धरा, रेघ गायब. मी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मी सहावीत होते आणि "परत करून दाखव" असंही म्हणायला घाबरले होते.

तो कसा बनतो हे आत्याने मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन. एक पांढरी भुकटी असते. तिच्या प्रत्येक रेणूला दोन टोकांना दोन चिमटे. नुसती भुकटी द्रावकात विरघळवली तर पाण्यासारखी पातळ, काही गंमत नाही. मग त्यात जस्ताच्या क्षाराचं पाणी थेंबाथेंबाने घालायचं. जस्ताच्या एकेका कणाला दोन चिमट्यांनी धरलेलं आवडतं, एक चिमटा या रेणूचा, एक त्या रेणूचा. की झालं! रेणू, जस्त, रेणू, जस्त, अशी लांबच लांब साखळी आपोआप लागत जाते. कुणी ओवत नाही, कुणी गाठ मारत नाही. दिव्याच्या उजेडात चिमटे जरा सैल होतात, साखळ्या सरकतात, ओरखड्यात शिरतात आणि दिवा काढला की पुन्हा घट्ट धरतात.

"आणि जस्त जास्त पडलं तर?" मी विचारलं होतं. मी विचारायचे त्या काळात.

"मग प्रत्येक चिमट्याला स्वतःचं वेगळं जस्त मिळतं," आत्या म्हणाली होती. "दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायची गरजच उरत नाही. साखळीचे तुकडे."

हे सगळं ऐकलेलं. प्रत्यक्ष बनवताना मी कधीच पाहिलं नव्हतं, कारण ते काम सकाळचं आणि सकाळी मला शाळा.

त्या बुधवारी मात्र मला अभ्यासाची सुट्टी होती, आणि तो बुधवार साधासुधा नव्हता. संस्थेला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या बंद करायच्या होत्या. कोणत्या, ते ठरवायला पाहणी समिती दुपारी तीन वाजता येणार होती. प्रत्येक खोलीने त्याच दिवशी बनवलेला ताजा नमुना दाखवायचा, कपाटातले जुने नमुने काढून चालणार नाही, असं पत्रात लिहिलं होतं. आत्याचा ओरखडा भरला तर नऊ नंबर राहणार. नाही भरला तर नाही. इतकं सरळ.

आणि भुकटी उरली होती एका पापुद्र्यापुरती. ती बनवायला बारा पायऱ्या, पाच महिने, आणि पहिल्या पायरीला जे रसायन लागतं ते आता कुणी बनवतच नाही. आत्याने ते आठ ठिकाणी मागून पाहिलं होतं. म्हणजे ही शेवटची.

"आत्या, मी येणार," मी सकाळी जाहीर केलं.

"बाहेरच्यांना आत परवानगी नाही गं."

"मी बाहेरची?"

"तिथे तू बाहेरचीच." पण ती आदल्या रात्री नीट झोपली नव्हती, डोळे सुजले होते, आणि मला वाटतं तिला कुणीतरी बरोबर हवं होतं. "कशाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि तीनच्या आत खाली जाऊन बसायचं."

नऊ नंबरची खोली लांबट आहे. खिडकीखाली ओटा, ओट्यावर तापवायची सपाट प्लेट, कोपऱ्यात काचेचं कपाट, आणि सगळ्याला स्पिरिटचा नि जुन्या पुठ्ठ्याचा वास. दाराशी सिंक आहे, तिथे काचेची भांडी धुणारे काका उभे असतात. ते आत्याच्याही आधीपासून तिथे आहेत.

"आली का भाची!" ते म्हणाले. "ढाल आणलीस का? फ्लास्क वाळत घालायला बरी पडेल."

"काका, मी आज मदतनीस आहे."

"मग हे घे, मदत कर," म्हणून त्यांनी माझ्या हातात ओला ब्रश दिला. आत्या हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू आणि मी त्याचं श्रेय ताबडतोब स्वतःकडे घेतलं.

मग तिने पितळेची चौकट काढली. समितीने सगळ्या खोल्यांना एकाच मापाची चौकट पाठवली होती आणि ती आत्याच्या नेहमीच्या चौकटीपेक्षा दोन बोटं मोठी होती. आत्याने मोठ्या बाटलीतली भुकटी तराजूवर ओतली, आकडा पाहिला, ओठ चावला.

"पुरेल," ती म्हणाली. "कडेला जरा विरळ होईल. चिमूटभर आणखी असती तर बरं झालं असतं."

तिने भुकटी फ्लास्कमध्ये घातली. तेवढ्यात खालून निरोप आला की समितीच्या कागदांवर सही राहिलीय. आत्या हातमोजे काढत गेली. काका भांड्यांचा ट्रे घेऊन शेजारच्या खोलीत गेले. आणि मी एकटी उरले.

कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर एक छोटी बाटली होती, अंगठ्याएवढी. काका तिला माहेर म्हणायचे. "ताईंचं माहेर," असं म्हणून ते ती पुसून जागेवर ठेवायचे, हे मी लहानपणापासून आत्याकडून ऐकत आलेय. तिच्यात तळाला तीच पांढरी भुकटी होती. बरोबर चिमूटभर.

आधीची मी असते तर आत्या येईपर्यंत हाताची घडी घालून बसले असते. आता मात्र मी हातमोजे घातले, स्टुलावर चढले, बाटली उघडली आणि फ्लास्कमध्ये उपडी केली. वर टिचकी मारून कडेला चिकटलेलंही पाडलं. मग बाटलीला बूच लावून ती होती तिथे ठेवली. आनंदाने माझे कान गरम झाले होते. मी ठरवलं, आता सांगायचं नाही. पापुद्रा चौकटीत कडेपर्यंत भरून बसला आणि आत्या "अगंबाई, पुरला की!" म्हणाली, की मग सांगायचं. भाषणातही मी सगळ्यात चांगलं वाक्य शेवटी ठेवलं होतं.

आत्या परत आली. द्रावक ओतला, फ्लास्क कोमट प्लेटवर ठेवून हलवला, सगळं विरघळून काचेसारखं स्वच्छ झालं. मग तिने ड्रॉपर घेतला.

"मोज," ती मला म्हणाली.

मी मोजू लागले. दहा थेंबांनी एकदा ती काचेची कांडी बुडवायची आणि वर उचलायची. आधी नुसतं पाणी गळायचं. शंभराच्या पुढे कांडीच्या टोकाला एक बारीक लोंबकळणारा थेंब राहायला लागला. मग थेंबाला शेपूट आली. मग शेपटीचा धागा झाला, बोटभर, वीतभर. तीन गोष्टी एका भांड्यात पडल्यात आणि त्या आपल्या आपण एकमेकींना शोधून धरतायत, आणि ते मला दिसतंय! मी आकडे म्हणत होते खरी, पण आवाज आपोआप चढत होता.

"हळू गं भोंगा," आत्या म्हणाली. मग थांबून भांड्याकडे पाहत राहिली. "आज चार थेंब जास्त प्यायली ही भुकटी. माझ्याच वजनात काहीतरी चुकलं वाटतं."

मी ओठ गच्च मिटून घेतले, कारण हसू येत होतं.

पुढच्या थेंबाला तिने कांडी उचलली आणि उचलतच गेली. धागा हातभर आला. खिडकीच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखा चमकत होता आणि तुटतच नव्हता.

"बास! आत्या बास! केवढा लांब!"

"बास असं आधी कळत नाही," ती म्हणाली आणि आणखी एक थेंब टाकला. "टेकाड चढताना माथा कुठे आहे ते कळतं का? जरा पलीकडे उतरलं की कळतं." आणखी एक थेंब. कांडी उचलली. धागा वीतभर आला आणि तुटला. आणखी एक. धागा बोटभर. आत्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "हां. माथा तो होता. आता पुन्हा वर चढायचं."

तिने डोळे भांड्यावरून न काढता हात मागे केला.

"माहेर दे."

मला काही उमगेना. म्हणजे उमगलं, पण उमगून घ्यायचं नव्हतं.

"अगं ती छोटी बाटली. वरच्या फळीवर. आता जस्त तीन थेंब जास्त झालंय ना, ते धरायला चिमटे हवेत. कणाकणाने घालायचं, धागा पुन्हा हातभर झाला की थांबायचं. दरवेळी अशीच परत येते मी, म्हणून तर काका तिला माहेर म्हणतात. दे ना, हात अवघडला."

मी बाटली काढली आणि तिच्या हातात दिली. दुसरं काय करणार होते?

तिने ती उजेडात धरली. हलवली. बूच काढून आत पाहिलं.

"रिकामी आहे," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, दूध संपलंय म्हणावं तशी. मग भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चार थेंब," ती म्हणाली.

"मला वाटलं चौकटीला पुरेल," मी म्हटलं. "तूच म्हणालीस चिमूटभर आणखी असती तर. मला वाटलं, नुसतीच ठेवलीय. तुला सरप्राइज..."

साडेतीनशे लोकांसमोर न अडखळलेली मी. माझा आवाज मध्येच संपला.

काका दारात आले होते. त्यांनी तिच्या हातातली बाटली पाहिली आणि त्यांना सगळं कळलं. "अरे देवा," ते म्हणाले. "हिला सांगितलंच नव्हतं का कुणी?"

"हिने विचारलं कुठे?" आत्या म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडायला मात्र वेळ नव्हता, सव्वाअकरा वाजले होते. तिने बाटलीत दोन थेंब द्रावक घालून ती विसळली, बुचाची आतली बाजूसुद्धा विसळली, आणि ते भांड्यात ओतलं. कांडी उचलली. धागा बोटावरून दोन बोटं झाला. आम्ही तिघंही त्या दोन बोटांकडे असं पाहत होतो की आणखी कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. मग तिने मोठी बाटली विसळली. तराजूचं ताट विसळलं. काकांनी सकाळी घासायला नेलेला चमचा शोधून आणला, पण तो त्यांनी घासला होता. "मेलं माझं काम," ते म्हणाले. "एक दिवस आळस केला असता तर..."

धागा तीन बोटांवर थांबला.

"जास्तीचं जस्त धुऊन काढता येत नाही का?" मी विचारलं.

"येतं. चार दिवस लागतात."

"जुने पापुद्रे विरघळवून घातले तर?"

"त्यांच्यातले चिमटे आधीच जस्ताला धरून बसलेत. मोकळे कुठून आणणार?" तरी तिने कपाटातला एक नखाएवढा तुकडा काढून परीक्षानळीत करून पाहिलं. काही फरक पडला नाही. तिलाही ते माहीत होतं, मला दाखवण्यापुरतं केलं असावं.

पावणेबाराला तिने ते द्रावण चौकटीत ओतलं आणि चौकट कोमट प्लेटवर वाळायला ठेवली. पापुद्रा कडेपर्यंत आला. अगदी काठोकाठ, कुठेही विरळ नाही. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

वाळायला तीन तास. काकांनी चहा आणला, कुणी प्यायला नाही. मी खिडकीशी उभी राहून मनात वाक्यं जुळवत होते. मला ते जमतं. समिती आली की पुढे व्हायचं आणि सांगायचं: चूक माझी आहे, आत्याची पद्धत बरोबर आहे, यापूर्वी एकतीसदा ओरखडा भरलाय, चार दिवस द्या. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं पाठ झालं. मी ते आत्याला म्हणून दाखवलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. "छान बोललीस," ती म्हणाली. "मग ते विचारतील, ही मुलगी कोण आणि रसायनापर्यंत पोचली कशी. आत्ता फक्त खोली जाईल. मग मी पण जाईन. आणि काका पण, दार त्यांच्या ताब्यात असतं."

"पण मग मी काय करू?"

"खाली जाऊन बस."

मी खाली गेले नाही. काकांनी मला शेजारच्या भांड्यांच्या खोलीत उभं केलं. मध्ये जाळीची खिडकी आहे, तिथून ओटा दिसतो. "तोंडातून चकार शब्द काढू नकोस पोरी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझी थट्टा केली नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी समिती आली. अध्यक्षबाई होत्या, पांढरे केस, आवाज मऊ. बरोबर एक चष्मेवाले गृहस्थ लिहून घ्यायला. मला वाटलं होतं दुष्ट असतील. नव्हत्या. त्यांनी आत्याला बसायला सांगितलं, पाणी प्यायला सांगितलं.

आत्याने पापुद्र्यावर ब्लेडने रेघ मारली. एरवी रेघ मऊ उमटते, लोण्यावर सुरी फिरवावी तशी. आज कच् असा बारीक आवाज आला आणि रेघेच्या कडेला पांढरा भुगा उडाला. माझ्या शेजारी काकांनी डोळे मिटले.

तिने दिवा लावला. पापुद्रा निळा पेटला. इतका सुंदर निळा की अध्यक्षबाई "वा!" म्हणाल्या आणि चष्मेवाले पुढे झुकले. आणि मला वाटलं, खरंच वाटलं, की भरेल. चमकतोय ना? मग भरेल. मी जाळी धरली आणि रेघेला मनातल्या मनात ढकलायला लागले. भर. भर ना गं. निळ्याच्या मध्यात ती काळी रेघ तशीच होती. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. चष्मेवाल्यांनी घड्याळ पाहिलं, पण आत्याला दिसू नये अशा बेताने.

"यापूर्वी भरलाय का हो?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"एकतीस वेळा."

"मग आज काय झालं?"

माझं सगळं भाषण घशात उभं होतं, सुरुवात, मध्य, शेवट. काकांचा ओला हात माझ्या खांद्यावर होता.

"प्रमाण चुकलं," आत्या म्हणाली. "मी चुकवलं."

"पुन्हा करता येईल?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "भुकटी संपली," ती म्हणाली. "नवी बनवायचं रसायन मिळत नाही."

चष्मेवाल्यांनी ते लिहून घेतलं. एक ओळसुद्धा पुरली नसेल त्याला. अध्यक्षबाईंनी जाताना आत्याच्या हातावर हात ठेवला. त्यावरूनच कळलं.

ते गेल्यावर मी आत आले. दिवा चालूच होता. आत्या ओट्यापाशी बसून पापुद्र्याकडे पाहत होती, हनुवटी हातावर टेकून.

"चमकतो तर तसाच," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"चमकायला लांब साखळी लागत नाही," आत्या म्हणाली. "तुकडेही तेवढेच चमकतात." आणि दिवा बंद केला.

काका दाराशी पुठ्ठ्याची खोकी आणून ठेवत होते. खोली रिकामी करायला आठवडा असतो, पण त्यांना हातांना काहीतरी काम हवं होतं. आत्या एकेक बाटली घेऊन तिच्यावरची चिठ्ठी वाचायची आणि कापडात गुंडाळायची. अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या, सगळ्या तिच्याच अक्षरातल्या. मी मदतीला हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. ओट्याच्या कडेला ती अंगठ्याएवढी बाटली होती, बूच बाजूला काढलेलं, आत काहीच नाही.

"आत्या," मी म्हटलं, "ही धुऊ का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी सहावीत असताना जशी पाहायची, तशी.

"आता धू," ती म्हणाली.

मी सिंकपाशी गेले. काकांनी बाजूला सरकून जागा दिली. मी बाटली तीनदा विसळली, बूचसुद्धा, आणि मग ती कुठे ठेवायची तेही विचारलं. आत्या पुढची बाटली कापडात गुंडाळत होती, म्हणून मी ती हातात धरून उभी राहिले.